पाचटाखालची ओल

दसरा झाला की युसूफ वडगावच्या त्या वस्तीत आठ-दहा दिवसांत निम्म्या दारांना कुलपं लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत गोधड्या, पातेली, पत्र्याच्या पेट्या चढतात, त्यांच्यावर माणसं चढतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या मुलखाला निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. भारतनं सव्वीस वर्षं ही वस्ती ट्रॉलीत बसून मागं पडताना पाहिली होती. ओट्यावर उभं राहून ट्रॉली जाताना पाहायची पाळी त्याच्यावर वयाच्या बावन्नाव्या वर्षी आली, आणि तेव्हा त्याला उजवा हात नव्हता.

हात आदल्या माघात गेला होता. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडायच्या होत्या. हूक बसवायला तो मध्ये वाकला. चालकाला वाटलं माणूस बाजूला झाला, आणि ट्रॅक्टर वीतभर मागं आला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर कोपराखाली नुसत्या पट्ट्या होत्या. भारत तेव्हा रडला नाही. रडला तो घरी आल्यावर, एकदा सदऱ्याची गुंडी लावता येईना म्हणून.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. भारत आणि त्याची बायको सरूबाई हा एक कोयता होता, मुलगा सतीश आणि सून वनिता हा दुसरा. भारतचा हात गेल्यावर सरूबाईचा अर्धा कोयता झाला. त्या दसऱ्याला ती मुलाच्या टोळीबरोबर एकटी निघाली. निघताना तिनं पिठाचा डबा, तिखटाची बरणी, रॉकेलची बाटली कुठं आहे ते दाखवलं आणि म्हणाली, "दोन वखताला चूल पेटवा. नुसत्या च्यावर दिस काढू नका."

"तू जपून ऱ्हा," भारत म्हणाला. ज्या कामाला आपण जायचं तिथं बायकोला एकटीला धाडतोय, हे त्याच्या मनात होतं, पण ते बोलून दाखवायला तोंड उघडेना.

दिवाळी गेली, थंडी पडली. एवढी थंडी त्यानं घरात बसून कधी काढली नव्हती. सकाळी उन्हाला बसायचं, दुपारी पडायचं, संध्याकाळी पारावर जायचं. नसलेल्या हाताची बोटं ठणकायची. ती दाबून धरावीत म्हटलं तर धरायला काही नसायचं.

शेजारी चंद्रभागाबाई राहायची. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, पण जीभ शाबूत. संक्रांतीच्या सुमाराला ती ओट्यावर बसून चिंध्यांच्या गाठी सोडत होती. तिचं बी राखेत घोळवून चिंधीत बांधलेलं असायचं. भारत समोर ऊन खात बसला होता.

"कावून बसलास रे असा?" ती म्हणाली.

"काय करू मावशे? हात कुठं हाय."

"एक हाय की. मला दोन हायेत, पर कंबर न्हाई. मी बसलेय का?" तिनं त्याच्या पुढ्यात तीन गाठी टाकल्या. "ह्यात दोडका हाय, ह्यात गवार, अन् ह्यात भेंडी. उनाळी बी हाय. आता लावलंस तर चैतात भाजी येईल. तुजी बायकू येईल तवा तिच्या पानात तरी पडंल."

ही गोष्ट भारतच्या मनात रुतली. घरामागं बारा हात लांब आणि आठ हात रुंद असं परस होतं. सरूबाई दर चैत्रात कारखान्यावरून आली की तिथं काहीतरी लावायची. पण तोवर ऊन चढलेलं असायचं. उगवलं तर निम्मं करपायचं, उरलेलं पावसाळ्यात वर यायचं, आणि वेल मांडवावर चढून भरात आला की टोळी निघायची. वर्षानुवर्षं असंच. दर वर्षी घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गंजलेलं कुलूप दगडानं ठोकून उघडायचं, घरातली बोटभर धूळ काढायची, आणि मागचं दार उघडून त्या वाळलेल्या काटक्या उपटायच्या. सरूबाई एकदा काटक्या उपटता उपटता म्हणाली होती, "आपलं घर आपली वाट बी बघत न्हाई बगा." तेव्हा भारत हसला होता.

तो दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन परसात बसला.

डाव्या हातानं खुरपणं सोपं नव्हतं. जन्मभर उजव्यानं कोयता चालवलेला. खुरपं भलतीकडे जायचं, मनगट भरून यायचं. पायानं ढेकूळ दाबून धरायचं आणि डाव्यानं फोडायचं, अशी रीत त्यानं बसवली. मांडवाच्या काठ्यांना सुतळी बांधताना एक टोक दातात धरायचं. आठ दिवसांनी चार वाफे झाले. दोडका कडेला, गवार आणि भेंडी मध्ये, चंद्रभागाबाईकडूनच मागून आणलेलं तांदुळज्याचं बी विस्कटून टाकलं. केजच्या बाजारातून झेंडूची रोपं आणि एक मोगऱ्याचं रोप आणलं. फुलं कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सरूबाईनं कधी फूल माळलेलं त्याला आठवत नव्हतं.

आता अडचण पाण्याची. नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि फाल्गुन लागला की टँकरच. प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर झाडांना घालायची त्याची छाती नव्हती.

बाजाराच्या रस्त्यावर उमाबाईंचा जारच्या पाण्याचा प्लांट होता. नवरा गेल्यापासून त्याच तो चालवायच्या. पत्र्याची खोली, आत मशीन, पुढं निळ्या जारांची रांग, आणि टेबलामागं कपाळाला विभूती लावलेल्या उमाबाई. मशीन जेवढं गोड पाणी गाळायचं जवळपास तेवढंच मागच्या पाइपातून टाकून द्यायचं. ते गटारीला वाहत जायचं. भारत कितीदा त्या रस्त्यानं गेला होता. आता तो तिथं थांबला.

"काकू, ते मागचं पाणी नेऊ का?"

"ते काय करतोस नेऊन? वाया जाणारं पाणी हाय ते."

"झाडं लावलीत घरामागं."

उमाबाईंनी त्याच्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. "ने की. कॉक मागं हाय. तुजा तू सोड, तुजा तू बंद कर. मला उठवू नको."

भारत मागं गेला, कॉक सोडला आणि घागर लावली. त्याची आई सांगायची, विहिरीवर ती घागर घेऊन बाजूला उभी राहायची आणि कुणी वरून पाणी ओतील तोवर तिचा निम्मा दिवस जायचा. घागर भरेपर्यंत भारतला तेच आठवत होतं. भरली तशी त्यानं कॉक बंद केला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर आधी गुडघ्यावर, मग थोट्या हाताचा टेकू देत वर चढवली.

डोक्यावर न्यायला कारण होतं. एका हातानं सायकल ढकलता येत नव्हती, आणि बादली हातात धरली तर अर्धं पाणी वाटेत सांडायचं. डोक्यावरची घागर मात्र एका हातानं सावरता यायची. पण युसूफ वडगावच्या बाजारातून चुंबळीवर पाणी नेणारा बाप्या कुणी पाहिला नव्हता. हॉटेलाच्या बाकड्यावरच्या माणसांच्या माना वळल्या. त्यातल्या बाळूनं विचारलं, "काय बे भारत, बायकांची कामं शिकलास का?"

"शिकायलोय," भारत म्हणाला. "तिनं सव्वीस वर्सं केलं. आता माजी पाळी."

बाळूनं चहाची बशी तोंडाला लावली. दिवसाला सहा खेपा व्हायच्या. चार दिवसांनी कुणी मान वळवीनासं झालं.

बी उगवलं. भेंडीची जाड दोन पानं माती ढकलून वर आली, दोडक्यानं तार सोडली. भारत पहाटे उठून आधी परसात जायचा आणि मग तोंड धुवायचा. पण तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग कागद जळावा तशा चुरचुरीत झाल्या. गवार तर सगळी माना टाकून बसली. त्याला वाटलं पाणी कमी पडतंय. त्यानं खेपा वाढवल्या. गवार मेली. वाफ्यावर पांढरट पापुद्रा धरला होता. बोटानं चाटून पाहिलं, तर खारट.

तो उमाबाईंकडे गेला. तक्रार नव्हती त्याची, नुसतं विचारायला गेला.

"अरे बाबा," उमाबाई म्हणाल्या, "मशीन मीठ कुठं ठेवतंय मग? गोड तेवढं हिकडं, खारं तेवढं तिकडं. मला वाटलं तुला ठावं हाय." त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "निरं घालू नको. दुसरं पाणी मिसळ अर्धं."

दुसरं पाणी आणायचं कुठून? एकट्या माणसाच्या आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी ते किती. चंद्रभागाबाईनं स्वतःच्या मोरीचं पाणी एका डब्यात साठवून द्यायला सुरुवात केली, वर म्हणाली, "पाणी टाकून काय उपयोग, समदं ऊनच पितंय. माती झाक की."

माती झाकायला काय? भारत विचार करत ओट्यावर बसला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. जन्मभर तो ज्यावर झोपला, ज्यानं फडावर राहायची कोप छावली, ज्यानं अंगावर ओरखडे काढले, ते उसाचं पाचट, तोडीनंतर उरणारा वाळका पाला. मांजरा नदीच्या बाजूला राधाकिशन नावाच्या शेतकऱ्याचा ऊस नुकताच तोडून गेला होता आणि तो पाचट पेटवायच्या तयारीत होता. भारतनं त्याला थांबवलं. चादरीत गाठोडी बांधून, दातांनी गाठी आवळून, त्यानं दोन दिवसांत परसाला पुरेल एवढं पाचट डोक्यावरून घरी आणलं आणि वाफ्यांवर वीतभर थर दिला. दोन दिवस पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशी पाचटाखाली हात घातला. माती गार होती, बोटांना ओल लागली. तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

नव्यानं लावलेली गवार तगली. भेंडीला पिवळी फुलं आली, दोडका मांडवावर गेला. झेंडू तर असा फुलला, की मागच्या गल्लीतली माणसं कुडावरून डोकावू लागली. संध्याकाळी ऊन उतरलं की भारत एक पोतं टाकून परसात बसायचा. तांदुळजा निवडायचा, दोडका मोजायचा, मोगऱ्याला कळी धरली का ते पाहायचा. बोटं तेव्हाही ठणकायची. पण तिथं बसणं त्याला आवडू लागलं होतं, आणि सबंध आयुष्यात काहीच न करता बसणं त्याला आवडलं असं पहिल्यांदाच होत होतं. पहिल्या भेंड्या तोडल्या त्या दिवशी त्यानं चंद्रभागाबाईला वाटीभर दिल्या, उमाबाईंना कागदात बांधून नेऊन दिल्या, आणि उरलेल्या चार स्वतःसाठी तव्यावर परतल्या.

फाल्गुनात टँकर सुरू झाला तशी एक बाई परसाच्या कुडाशी येऊन उभी राहिली. हंडा रिकामाच होता, नंबर लागायच्या आधी टँकर संपला होता. ती कळवळून बोलली, "आमची लेकरं घोटभर पाण्याला रडतेत, अन् हितं फुलं पिकवायलेत."

भारतची मान खाली गेली. चंद्रभागाबाई काठी टेकत आली, तिनं भरल्या घागरीतून तांब्या बुडवला आणि त्या बाईच्या पुढं धरला. "घे. पी."

बाईनं घोट घेतला आणि थुंकला. खारट-कडू.

"त्यो काय तुज्या लेकराच्या तोंडचं घेत न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "गटारीचं आणतो, डोक्यावर."

बाई खाली पाहत उभी राहिली. भारतनं दोन दोडके तोडले आणि कुडावरून तिच्या हंड्यात टाकले. ती निघून गेली, पण तिचं बोलणं भारतच्या मनातून गेलं नाही. त्या दिवसापासून त्यानं टँकरच्या पाण्यातली स्वतःच्या आंघोळीची बादलीही निम्मी केली.

दर रविवारी सतीशच्या फोनवर सरूबाईशी बोलणं व्हायचं. भारतनं बागेचा शब्द काढला नव्हता. येईल तेव्हाच बघेल, असं त्यानं ठरवलं होतं. ती कमी बोलायची. "बरी हाय. तुमी जेवलाव का?" एवढंच. एकदा फोन सुनेकडे होता. वनिता दबक्या आवाजात म्हणाली, "मामा, आत्याचं जरा..." आणि मागून सरूबाईचा आवाज आला, फोन तिनं घेतला. "काय न्हाई. थंडीनं अंग दुखायलंय." भारतनं मानून घेतलं. थंडीत अंग दुखतंच.

चैत्रात टोळी आली. सकाळचे अकरा वाजले असतील. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून भारत रस्त्यावर गेला. त्यानं नवा सदरा घातला होता, घर सारवून घेतलं होतं, चुलीवर दोडक्याची भाजी शिजत होती. सतीश उतरला, वनिता उतरली. सरूबाईला दोघांनी धरून उतरवलं. चेहरा पांढुरका, डोळे आत गेलेले. ती दारातून आत आली, भारतनं मागचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. समोर सगळा हिरवा-पिवळा मांडव दिसत होता. सरूबाईनं तिकडं एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून गोधडीवर आडवी झाली.

वनिता मात्र परसात गेली ती उभीच राहिली. "मामा, हे समदं तुमी केलंत?" सतीश पाचट उचलून खालची माती बघत होता. भारत त्यांना काय काय लावलंय ते सांगत होता, पण त्याचं लक्ष आत होतं.

दोन दिवस सरूबाई उठली नाही. भाकरीचा तुकडा मोडून ठेवायची. भारतला राग आला, मग रागाची लाज वाटली, मग पुन्हा वाईट वाटलं. माणूस थकलेलं आहे हे त्याला समजत होतं. तरी एक शब्द बोलली असती, असं वाटायचंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्याची पहिली खेप घेऊन आला, तर सरूबाई परसात होती. मांडवाच्या सावलीत पाचटावर बसून तांदुळजा खुडत होती. त्याच्या डोक्यावरची घागर पाहून ती क्षणभर थांबली. त्यानं घागर उतरवली.

"मी आले तवा बघितलं न्हाई असं न्हाई," ती म्हणाली. "बघितलं. मला वाटलं, ह्यो सतीश मला दुसऱ्याच्याच घरी घिऊन आला. आपल्या घरी असं कुठं असतंय."

भारत तिच्यापासून हातभर अंतरावर बसला.

"तुला दाखवायचं म्हणून फोनवर बोललो न्हाई."

"मी बी बोलले न्हाई." तिनं खुडलेली भाजी पदरात घेतली. "पौषापासनं अंगावर जातंय. थांबतच न्हाई. मोळी उचलली की भोवळ यायची. तिथल्या डाक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका, पुढच्या सालाला कामाला मोकळ्या व्हताल. टोळीतल्या चौघींनी काढली. मी म्हणलं, घरी जाऊन येते, मग काढते."

"सतीशला ठावं व्हतं?"

"लेकाला कसं सांगू? वनिताला ठावं व्हतं. मीच तिला गप केलं."

मग भारत म्हणाला, "माजा हात गेला, म्हणून तुला एकटीला जावं लागलं."

"तुमच्या हाताचं न्हाई. मी आधीबी असंच करत आले. तुमाला दिसलं न्हाई एवढंच." ती रागानं बोलली नव्हती. म्हणून ते भारतला जास्त लागलं.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं तो तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. सतीश येतो म्हणाला, त्याला त्यानं घरी ठेवलं. दवाखान्यात तीन दिवस गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दोन बाटल्या रक्त चढवलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, सरूबाईला मावशी म्हणायची. तिनं भारतलाही समोर बसवलं. म्हणाली, "पिशवी काढायची काही गरज नाही. आत सूज आहे, तिला गोळ्या आहेत. पण अंगात रक्त अर्धंही नाही. आता सहा महिने ओझं उचलायचं नाही. आणि हिरव्या भाज्या रोज. पालेभाजी मिळते का तुमच्याकडे उन्हाळ्यात?"

"मिळते," भारत म्हणाला. त्यानं सरूबाईकडं पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, "मिळते, बाई."

तो सगळा उन्हाळा असा गेला. सकाळी तांदुळजा, दुपारी शेवग्याचा पाला, संध्याकाळी भेंडी नाहीतर गवार. सरूबाई तोंड वाकडं करून खायची. गोळ्यांची वेळ भारत सांभाळायचा. घागर उचलायला ती एकदा उठली, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. मग ती पोत्यावर बसून त्याला सांगायची, हे पान काढा, त्या वेलाला आधार द्या, तांदुळज्याचे शेंडे असे खुडा म्हणजे पुन्हा फुटतो. सव्वीस वर्षं एकाच फडात कामाला होते, पण दिवसभर एकमेकांशी असं निवांत बोलण्याची दोघांना सवय नव्हती. सुरुवातीला बोलणं संपून जायचं. मग नुसतं बसायचे.

जयंतीला वस्तीच्या मिरवणुकीतला मोठा हार त्यांच्या झेंडूचा होता. सरूबाईनं तो भिंतीला टेकून बसून ओवला, दोन दिवस. उमाबाईंनी सोमवारी पिंडीसाठी पांढरी फुलं मागितली होती; मोगरा फुलल्यावर सरूबाईच ती घेऊन गेली, चार पावलं चालत, थांबत. उमाबाईंनी तिला खुर्ची दिली आणि गार पाणी दिलं. दोघी बाया नवऱ्यांविषयी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. बुद्धपौर्णिमेला सरूबाई विहारात स्वतःच्या पायांनी गेली. ओंजळभर मोगरा मूर्तीपुढं ठेवला. बाहेर येताना एक फूल तिच्या मुठीत राहिलं होतं, ते तिनं भारतच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.

भादव्यात बंकट आला. तो टोळीचा मुकादम. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "सरूबाई, आता तब्येत ब्येस दिसायली. नाव लिहू का?"

भारतनं रिकामा कप उचलला. सांगायचं असेल ते तिनंच सांगावं, असं त्यानं आधीच ठरवलं होतं.

"न्हाई," सरूबाई म्हणाली.

"घरात भागणार कसं?"

"भागंल तसं भागवू. बाजारात भाजी बसून विकू. दोन माणसं तर हाव." मग तिनं विचारलं, "तुज्या टोळीत बाया किती हायेत, बंकटदादा?"

"चौदा कोयतं, म्हंजे चौदा बाया. कावून?"

"निघायच्या आधी एक दिस दे मला त्यांचा."

बंकट हसला, पण नाही म्हणाला नाही. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सरूबाईनं वनिताला आणि टोळीतल्या आणखी पाचजणींना घेऊन अंबाजोगाई गाठली. बाकीच्या आल्या नाहीत. कुणाचा नवरा आडवा आला, कुणाला स्वतःलाच भीती वाटली. त्या तरुण डॉक्टरणीनं सहाहीजणींचं रक्त तपासलं. दोघींना गोळ्या लिहून दिल्या, त्यांत वनिता होती. परत येताना एसटीत सरूबाई सुनेला म्हणाली, "काय झालं तरी लपवू नको. माज्यापासनं तर न्हाईच, सतीशपासनं बी न्हाई. मी लपवलं, ती अक्कल नव्हती."

"बरं आत्या," वनिता म्हणाली. तिनं गोळ्यांची पिशवी पोलक्यात जपून ठेवली.

ट्रॉल्या निघाल्या त्या दिवशी वस्ती पुन्हा रिकामी झाली. सतीश पाया पडून गेला, वनितानं ट्रॉलीतून हात हलवला तो वळणापर्यंत हलत होता. भारत वळणावर ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला. तो घरी आला तेव्हा सरूबाई ओट्यावर बसली होती, हात मांडीवर टाकून. डोळे कोरडे होते. बऱ्याच वेळानं ती उठली, आत गेली. चूल पेटल्याचा वास आला, मग परातीत पीठ मळल्याचा आवाज. भारत ओट्यावरच थांबला.

"आत या," तिनं हाक मारली. "दोघांपुरतंच केलंय, गरम हाय तवर खा."